मैत्रीची भाषा आणि शिलकी मालाचा हिशेब

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातशुल्क लादल्यापासून आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांची कात्रणे मी जपून ठेवली होती आणि गेल्या रविवारी ती सलग वाचून काढली. त्यांत दोन सूर ठळकपणे ऐकू येतात. मित्र म्हणवणाऱ्या देशाने आपला विश्वासघात केला, हा पहिला. आणि हा सारा एका लहरी अध्यक्षाचा कारभार असून ते पायउतार झाले की घडी पूर्ववत बसेल, हा दुसरा. एकात संताप आहे, दुसऱ्यात आशा आहे, आणि माझ्या मते दोन्ही अस्थानी आहेत. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेला अधिकारीही नाही. पुण्याच्या भुसार बाजारात एका आडत पेढीवर दिवाणजी म्हणून रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. अमेरिकेचे परराष्ट्र धोरण मला प्रथम भेटले ते रेशनच्या पिशवीत, आणि पुढेही मी ते आवक-जावकीच्या अंगानेच वाचत आलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

१९६६ साली मी अकरा वर्षांचा होतो. रेशनच्या दुकानापुढे रांगेत पिशवी ठेवून यायची आणि नंबर जवळ आला की आईला बोलवायचे, हे माझे काम. मिळणारा गहू तांबूस आणि टणक असे. त्याची पोळी तव्यावरून उतरताच खाल्ली तर ठीक, गार झाली की वातड. त्याच्या आदल्या वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, आणि आमच्या आजीचा सोमवार मुळातच असल्याने 'सरकारला आता सुचले' असे ती म्हणे. महापालिकेच्या शाळेत भुकटीचे दूध मिळे. त्या मदतीच्या डब्यांवर आणि पिंपांवर हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचे चित्र आणि अमेरिकी जनतेकडून भेट अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असे. असा एक रिकामा तेलाचा डबा आमच्या वाड्यात आला होता आणि आजीने त्यात तुळस लावली होती. चित्राची बाजू मात्र ती कायम भिंतीकडे करून ठेवी, कारण तुळशीला परक्यांचे हात नकोत.

तो गहू आला नसता तर काय झाले असते, याची कल्पना त्या वर्षांचे आकडे पाहिल्यावर येते. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकले होते. पुढच्याच वर्षी पाऊस फसला आणि ते ७ कोटी २० लाखांवर आले. १९६६ या एका वर्षात आपण एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणले आणि त्यातले बहुतांश अमेरिकेचे होते. ते खाऊन मी वाढलो, आणि त्याबद्दलची कृतज्ञता मी नाकारणार नाही. प्रश्न इतकाच आहे की तो गहू कोणत्या हिशेबात आला होता.

ज्या कायद्याखाली तो आला, तो पीएल-४८० या नावाने आपल्याकडे ओळखला जातो. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर १० जुलै १९५४ रोजी सही केली. कायद्याच्या मूळ नावात आधी शेतमालाच्या व्यापाराचा विकास आहे आणि साहाय्य त्याच्या मागून येते. 'शांततेसाठी अन्न' हे साजरे नाव पुढे केनेडींच्या काळात रूढ झाले. कायदा का करावा लागला, हे कोणत्याही आडत्याला चटकन समजेल. युद्धकाळात शेतकऱ्याला दिलेला हमीभाव युद्धानंतरही चालू राहिला, पीक वाढत गेले, युरोप सावरला, कोरियातले युद्ध १९५३ साली थांबले आणि मालाला उठाव राहिला नाही. हमीभावाने घेतलेले धान्य सरकारच्या अंगावर पडले. वखारी भरल्या, तेव्हा हडसन नदीत नांगरून ठेवलेल्या युद्धकाळातल्या जुन्या मालवाहू जहाजांत गहू भरून ठेवण्याची पाळी आली. बाजारात ओतावा तर भाव कोसळणार, ठेवावा तर साठवणुकीचा खर्च चढणार. अशा वेळी व्यापारी काय करतो? ज्याच्याजवळ रोख नाही पण गरज आहे, असे गिऱ्हाईक शोधतो आणि त्याला त्याच्या सोयीच्या अटींवर माल देतो. भारत हे तसे गिऱ्हाईक होते. डॉलर आपल्याजवळ नव्हते, म्हणून किंमत रुपयांत घेण्याचे ठरले.

भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार मात्र एका मराठी माणसाच्या सहीचा आहे. केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्यासमवेत त्यावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो सौदा होता. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे पाटील व्यवहाराला चोख होते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. शहरांना स्वस्त धान्य मिळणार, भाव आटोक्यात राहणार, परकीय चलन वाचणार. त्या स्वस्त गव्हाने आपल्या शेतकऱ्याला मात्र भाव मिळू दिला नाही आणि त्यामुळे शेतीकडे आपले दुर्लक्ष झाले, हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि तो पुष्कळसा खरा आहे.

(जाता जाता एक खुलासा. पर्वतीच्या पायथ्यापासून मुळा-मुठेच्या काठापर्यंत माजलेले गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते पीएल-४८० च्या गव्हातून आले, असे पुण्यात सर्रास सांगितले जाते. या गवताची पुण्यातली बहुचर्चित नोंद १९५५-५६ च्या सुमाराची आहे, म्हणजे करारावरची शाई वाळण्याच्या आधीची किंवा फार तर त्याच वेळची. अमेरिकेचा गहू त्याआधी, १९५१ च्या कर्जाखालीही, आला होता, हे खरे. पण या एका गुन्ह्यात पीएल-४८० ला संशयाचा फायदा द्यावा.)

आता अटींकडे वळतो. १९६५ मध्ये जुना दीर्घ मुदतीचा करार संपत आला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी नवा तसा करार करण्यास नकार दिला आणि एकेका महिन्या-दोन महिन्यांपुरता गहू सोडण्याची रीत सुरू केली. प्रत्येक मोठ्या खेपेचा निर्णय ते स्वतःच्या हाती ठेवत. जहाज बंदराला लागायचे आणि त्यातला दाणा थेट तोंडात जायचा, मध्ये साठा असा नाहीच, अशी आपली स्थिती होती. आमच्या बाजारात याला गिऱ्हाईक बांधून ठेवणे म्हणतात: पुढची उचल हवी असेल तर मागची अट पाळा. अटी दोन प्रकारच्या होत्या. शेतीत पैसा घाला, खतांचे कारखाने वाढवा, ही पहिली. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात तसा समझोता झाला. दुसरी अट कागदावर नव्हती. व्हिएतनाममधल्या बॉम्बफेकीवर भारताने टीका करू नये, ही ती अट. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या मॉस्को भेटीनंतरच्या संयुक्त पत्रकात साम्राज्यवादी शक्तींचा उल्लेख आला, त्याचा जॉन्सन यांना राग आला आणि त्यानंतरच्या महिन्यांत गव्हाच्या मंजुऱ्या रखडत राहिल्या. त्याआधी महिनाभर, ६ जून १९६६ रोजी, रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता, तोही मदत देणाऱ्यांच्या दबावाखाली.

इथे आपले बहुतेक लेखक थांबतात आणि अपमानाची गोष्ट पूर्ण झाली असे समजतात. माझ्या मते तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सुब्रमण्यम यांना शेतीत जे करायचे होते, ते त्यांना स्वतःलाच करायचे होते; मंत्रिमंडळातला विरोध मोडून काढायला त्यांनी बाहेरच्या दबावाचा उपयोग करून घेतला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले, आणि दशक संपता संपता गव्हाचे उत्पादन १ कोटी २० लाख टनांवरून २ कोटी टनांपर्यंत पोचले. जॉन्सनने दोर आवळला नसता तर हे इतक्या वेगाने झाले असते का, याचे उत्तर माझ्याजवळ 'बहुधा नाही' असे आहे. ज्याने अपमान केला त्याच्याच हातून भले झाले, ही गोष्ट शत्रू-मित्राच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ती आपण सांगत नाही.

रुपयांचे काय झाले, हे मला व्यवसायामुळे विशेष कुतूहलाचे वाटते. गव्हाची किंमत म्हणून आपण दिलेले रुपये अमेरिकेच्या खात्यात साचत गेले. ते डॉलरमध्ये बदलून नेता येत नव्हते आणि इथे खर्चून संपत नव्हते. त्यातून दूतावासाचा खर्च चाले, प्रकल्पांना कर्जे दिली जात, आणि भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी करून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली जात. मराठीची कित्येक पुस्तके या मार्गाने तिकडे गेली, आणि जी इथल्या वाचनालयात आज सापडत नाहीत ती तिथे नीट बांधणी करून ठेवलेली आहेत. आपल्या डेक्कन कॉलेजच्या आवारात १९६० च्या दशकात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज सुरू झाली, तिलाही या रुपयांचा आधार होता. शेवटी येणे इतके फुगले की धनको-ऋणको दोघांनाही ते अवघड वाटू लागले, आणि १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती देऊन बहुतेक खाते मिटवले. एवढ्या रकमेचा धनादेश तोवर कुणी लिहिला नव्हता. बुडीत खाते मानाने कसे मिटवावे, याचा तो नमुनाच होय.

पण १९७४ च्या आधी १९७१ आणि १९७२ ही वर्षे येतात. १९७१ विषयी आपल्या वाचकांना बरेच ठाऊक आहे: ढाक्यातले वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी स्वतःच्याच सरकारचा निषेध करणारी तार एप्रिलमध्ये पाठवली, जुलैत किसिंजर पाकिस्तानच्या मदतीने गुपचूप पेकिंगला गेले, ९ ऑगस्टला आपण सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला आणि डिसेंबरात अमेरिकेची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. चीनशी जुळवून घ्यायचे होते आणि रस्ता पाकिस्तानातून जात होता, एवढेच त्याचे सार आहे. १९७२ विषयी मात्र आपण फार कमी बोलतो. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. पुरंदर तालुक्यातल्या माझ्या मामांच्या गावी बायामाणसे खडी फोडायच्या कामावर जात, तिथे सुकडी मिळे, आणि घरी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असे. ती थापताना तुटे आणि भाजल्यावर तिला मातकट वास येई. मामी म्हणायची, 'गुरांचं आहे, पण आता गुरं तरी कुठं राहिलीत.' आपण जगाच्या बाजारात धान्य विकत घ्यायला उभे होतो. नेमक्या त्याच वर्षी सोव्हिएत संघाचेही पीक बुडाले होते, आणि अमेरिकेने आपल्या या कट्टर शत्रूला उधारीवर, वर सरकारी अनुदान लावून, तिच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे चौथा हिस्सा विकला. रशियाचे दलाल कंपन्या-कंपन्यांकडून निमूटपणे माल उचलत होते, आणि किती उचलला हे कळेपर्यंत सौदे होऊन गेले होते. जगभर गव्हाचे भाव वर्ष-सव्वा वर्षात दुपटीच्या वर गेले. ज्याच्याशी चाळीस वर्षे शीतयुद्ध चालले, त्याला स्वस्त गहू. आणि लोकशाही म्हणवणाऱ्या आपल्याला चढा भाव. यात मैत्री कुठे आहे आणि वैर कुठे आहे? वखार रिकामी करायची होती, आणि ती झाली.

असे का होते, याचे उत्तर अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. तिथल्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात, राज्य मोठे असो की लहान. जवळपास चार कोटी लोकांच्या कॅलिफोर्नियाचे दोन, आणि गहू-सोयाबीन पिकवणाऱ्या नॉर्थ डकोटाचेही दोन, जिथली सारी वस्ती आठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहराच्या एका अंगात सामावेल एवढी. अध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली झुंज अनेक दशके मक्याच्या आयोवा राज्यात होत आली. व्यापारावर शुल्क लावण्याचा मूळ अधिकारही घटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. १९३० चा कुप्रसिद्ध स्मूट-हॉली शुल्ककायदा, ज्याने जगाची मंदी आणखी चिघळवली, तो मुळात शेतकऱ्यांना दिलासा देण्याच्या हूव्हर यांच्या निवडणूक-वचनातून निघाला होता. तेव्हा व्हाइट हाउसमधले भाषण हे धोरणाचे तोंड असते. त्याचे पोट कॅन्सस, आयोवा आणि इलिनॉयमध्ये असते.

या पोटावर पाय आला की मोठमोठ्या तत्त्वांचे काय होते, याची दोन उदाहरणे देतो. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर ४ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी रशियाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. अर्जेंटिनाने ती जागा भरून काढली, अमेरिकी शेतकरी खवळला, आणि साम्यवादाचे कडवे विरोधक रेगन सत्तेवर येताच त्यांनी एप्रिल १९८१ मध्ये ती बंदी उठवली. फौजा अफगाणिस्तानातच होत्या. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मे १९९८ मध्ये पोखरण आणि चगाईच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांवर निर्बंध घातले. ते कायद्यानेच बंधनकारक होते, अध्यक्षांनाही टाळता येणारे नव्हते. मग कुणाच्या तरी लक्षात आले की पाकिस्तान गव्हाची निविदा काढत आहे आणि निर्बंधांमुळे वॉशिंग्टन राज्यातल्या गहू उत्पादकांना उधारीवर विकता येणार नाही. दोन महिन्यांच्या आत शेतमालाची उधारी निर्बंधांतून वगळणारा कायदा सिनेटमध्ये एकही विरोधी मत न पडता संमत झाला आणि १४ जुलैला क्लिंटन यांची त्यावर सही झाली. अण्वस्त्रप्रसारबंदीचे तत्त्व दोन महिनेही गव्हापुढे टिकले नाही.

उलट, जिथे पोटाचा प्रश्न नव्हता तिथे तेच काँग्रेस किती कठोर होते, हे आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राने अनुभवले आहे. अणुभट्टीच्या इंधनाचा करार १९६३ चा, तीस वर्षांचा. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि तो जुन्या करारावर लागू केला. १९८० मध्ये कार्टर इंधन द्यायला तयार असताना प्रतिनिधी सभागृहाने नकार दिला, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी दोन मतांनी ती खेप वाचली, आणि शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड करावी लागली. करार सरकारशी होतो, पण तो पाळला जाईल की नाही हे दुसरेच कुणी ठरवते, हे त्या वेळी आपल्याला कळायला हवे होते.

भुसारवाल्याला सगळीकडे धान्यच दिसते, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो मला काही अंशी मान्य आहे. १९५३ मध्ये इराणमध्ये मोसाद्दिक यांचे सरकार उलथले ते तेलासाठी आणि साम्यवादाच्या धास्तीने. व्हिएतनाममध्ये तर अमेरिकेला मिळवण्यासारखे काही नव्हते आणि तरी तिने आपली ५८,००० हून अधिक माणसे तिथे घालवली. जून २०२५ मध्ये इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले गेले, त्याचा गव्हाशी संबंध जोडण्याचा खुळेपणा मी करणार नाही. माझे म्हणणे भारतापुरते आहे. आपल्या वाट्याला अमेरिका जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तिच्या एका हातात शेतमालाचे वजनमाप राहिले आहे, आणि आपण मात्र दुसऱ्या हातातल्या हस्तांदोलनाकडे पाहत राहिलो.

आता गेल्या वर्षा-दीड वर्षातल्या घडामोडी या नजरेने पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क बसले. दुसऱ्या हप्त्याचे कारण रशियाचे तेल, असे सांगण्यात आले. पण रशियाचे तेल आपल्याहून अधिक घेणाऱ्या चीनला तसा दंड झाला नाही, तेव्हा कारण एवढेच असणे शक्य नव्हते. वाटाघाटी अडल्या होत्या त्या मका, सोयाबीन आणि दूधदुभत्यावर. दुसरा हप्ता जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ ऑगस्टला, पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही असे सांगितले, ते दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत. ज्या शास्त्रज्ञाने मेक्सिकोचा गहू इथल्या मातीत रुजवला, त्यांच्याच स्मरणाच्या व्यासपीठावरून हे सांगावे लागले. पुढे सप्टेंबरात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी, १४० कोटी लोकांचा देश म्हणवता तर आमचा एक बुशेल मका का घेत नाही, अशा अर्थाची विचारणा केली. मी जुन्या सवयीने कागद घेऊन बसलो. एक बुशेल मका म्हणजे ५६ पौंड, आपले साडेपंचवीस किलो. माणशी एक बुशेल धरले तर होतात साडेतीन कोटी टनांहून अधिक, आणि भारतात वर्षाला पिकणारा सगळा मका चार कोटी टनांच्या आसपास आहे. मंत्रिमहोदयांनी हा गुणाकार केला होता की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण आयोवात ज्यांच्यासाठी ते बोलत होते, त्यांना तो ऐकायला गोड वाटला असेल.

त्या शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. चीनने २०२५ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेचे नवे सोयाबीन घेणे थांबवले आणि ऐन काढणीत वखारी भरून राहिल्या. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियात ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, तेव्हा अमेरिकेने पहिल्याप्रथम काय पदरात पाडून घेतले? पुढची तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन सोयाबीन खरेदीची कबुली. याच अध्यक्षांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१८ आणि २०१९ मध्ये, अशाच शुल्कयुद्धाची झळ बसलेल्या शेतकऱ्यांना २,८०० कोटी डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली होती. आणि जे म्हणतात की अध्यक्ष बदलला की सारे निवळेल, त्यांनी हे आठवावे की जून २०१९ मध्ये भारताची काढून घेतलेली व्यापारसवलत पुढे बायडन यांच्या चार वर्षांतही परत मिळाली नाही, आणि चीनवरची शुल्केही त्यांनी उठवली नाहीत.

आपल्या बाजूला काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तडजोड नाही असे सांगून दोन आठवडे होण्याच्या आतच, १९ ऑगस्टपासून, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यातला नवा कापूस बाजारात येतो तो नेमका याच महिन्यांत. कापडगिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता, हे समजू शकते. पण ही सवलत ज्यांना मिळाली त्यांत अमेरिकी कापूसवाला होता आणि ज्याच्या खिशातून गेली तो यवतमाळचा होता, एवढे तरी स्पष्ट बोलावे. सोयाबीनचेही तेच. २०२१ च्या ऑगस्टात जनुकबदल सोयापेंड १२ लाख टनांपर्यंत आणायला मुभा दिली गेली, तेव्हा क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेले सोयाबीन काही आठवड्यांत कोसळले. नवी आवक जवळ आली होती हे खरे, पण लातूरच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगायला मी तयार नाही.

आणि आपण स्वतः शेजाऱ्यांशी कसे वागतो? सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. ट्रक सीमेवर उभे राहिले. पुढच्या आठवड्यात दिल्लीला आलेल्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हसत हसत सांगितले की मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितले आहे. निदान आधी कळवायचे तरी. मे २०२२ मध्ये गहू, जुलै २०२३ मध्ये पांढरा तांदूळ, त्याच डिसेंबरात पुन्हा कांदा. प्रत्येक वेळी कारण घरचे होते: शहरातला भाव आणि पुढली निवडणूक. नाशिकचा शेतकरी आणि ढाक्याचा गृहस्थ, दोघेही आपल्याला विश्वासघातकी म्हणाले असतील. मार्केट यार्डात त्या दिवशी सडत पडलेल्या कांद्याच्या वासात मी उभा होतो आणि माझ्या मनात जॉन्सन आला, हे मी कबूल करतो.

एका राष्ट्राने दुसऱ्याकडून खऱ्या मेहेरबानीची अपेक्षा धरणे यासारखी दुसरी चूक नाही, अशा आशयाचे वाक्य जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ च्या निरोपपत्रात आहे. ते त्यांनी स्वतःच्या देशबांधवांसाठी लिहिले होते आणि त्यांच्या वारसांनी ते बरेचसे पाळले. आपल्याकडे मात्र ह्यूस्टनच्या आणि अहमदाबादच्या मैदानांतल्या मोदी-ट्रम्प यांच्या मिठ्या दूरचित्रवाणीवर पाहून आपण ताळेबंद मांडला, आणि आता ताळा जुळत नाही म्हणून दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडत आहोत.

म्हणून संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या दैनिकात बाजारभावांचा रकाना असतो, आणि तो आतल्या पानावर, वधू-वर जाहिरातींच्या शेजारी, भिंगाखेरीज वाचता येणार नाही अशा टायपात छापला जातो. अमेरिकेची बातमी पहिल्या पानावर येते. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा त्या बातमीच्या खालीच शिकागोच्या वायदेबाजारातला सोयाबीन, मका आणि गहू यांचा भाव, शेजारी लातूर, अकोला आणि पुणे येथील त्याच मालाचा भाव, आणि तिकडच्या वखारींत शिल्लक किती याचा अमेरिकी कृषिखात्याकडून जाहीर होणारा आकडा, असे तीन रकाने द्यावेत. बुशेलचे क्विंटल करून हवे असतील तर ते मी घरी बसून करून देईन. सकाळी साडेदहानंतर मला काम नसते.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
गुलटेकडी, पुणे